ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्या माणसाला जगवायचं कसं

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. त्या वेळच्या नकाशात तो भाग भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पट्ट्यात होता. धक्का ६.२ तीव्रतेचा, आणि माणसं गेली जवळजवळ दहा हजार. बहुतेक जण जाड दगडमातीच्या भिंती आणि त्यावरच्या मातीच्या जड माळवदाखाली सापडले. १० जुलै २०२४ ला हिंगोलीकडचा ४.५ चा धक्का वाशीम-यवतमाळपर्यंत जाणवला. विदर्भातली बुलढाणा, अकोला, वाशीमकडची जुनी धाब्याची घरं किल्लारीच्याच जातीची आहेत. पूर्व विदर्भातली कुडाच्या भिंतींची, कवेलूची घरं हलकी. ती माणसाला चिरडतात कमी, डोकं फोडतात जास्त.

खालची माहिती आशाताई, उपकेंद्राच्या सिस्टर, पोलीस पाटील आणि अशा वेळी सगळ्यात आधी फावडं घेऊन धावणारी गावातली पोरं यांच्यासाठी आहे. जेसीबी आणि पथकं यायला वेळ लागतो. जिवंत माणसं बहुतेक वेळा शेजारीच बाहेर काढतात. पुढच्या धोक्यांची मात्र वेळ ठरलेली असते: दबलेला पाय काही तासांत मारतो, मळकी जखम काही दिवसांत, पाणी आठवड्यात, आणि टिनाचं शेड महिन्याभरानं. कोणता धोका कधी येतो हे माहीत असलं की अर्धी धावपळ वाचते.

दबलेला पाय

सगळ्यात फसवा प्रकार हाच. माणूस चार-पाच तास भिंतीखाली अडकलेला असतो, पण शुद्धीवर असतो, बोलतो, पाणी मागतो. सगळे मिळून दगड उचलतात, त्याला बाहेर ओढतात, आणि थोड्याच वेळात तो जातो. लोक म्हणतात, धसक्यानं गेला. खरं कारण वेगळं असतं. दाबाखाली मांडीचे, पोटरीचे स्नायू मरतात. त्यांतलं पोटॅशियम आणि स्नायूंचा लाल रंग दाब असेपर्यंत तिथंच अडकून राहतो. दाब निघाला की तो सगळा माल एकदम रक्तात येतो. पोटॅशियम हृदय थांबवतं; त्यातून माणूस वाचला तर तो रंग मूत्रपिंडं बंद पाडतो. तुर्कस्तानात १७ ऑगस्ट १९९९ च्या भूकंपानंतर अशा मूत्रपिंडाच्या ६३९ रुग्णांची नोंद झाली, त्यांतल्या ४७७ जणांना डायलिसिस लागलं.

म्हणून एक तासाहून जास्त वेळ हात किंवा पाय दबलेला असेल, त्यातही अख्खी मांडी असेल, तर दगड उचलण्याआधी सलाईन सुरू झालं पाहिजे. उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला किंवा सिस्टरला ढिगाऱ्यापाशीच बोलवा. मोकळ्या हाताला सुई लावून मोठ्या माणसाला तासाला एक लिटर या वेगानं नॉर्मल सलाईन द्यायचं, म्हणजे अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या. पहिल्या दोन तासांनंतर वेग निम्मा करायचा. लहान मुलाला वजनाच्या दर किलोमागं तासाला १५ ते २० मिलिलिटर. म्हातारा माणूस किंवा हृदयाचा रुग्ण असेल तर वेग कमी, आणि धाप लागते का यावर डोळा. आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट लावू नका, त्यात पोटॅशियम असतं. गावात अनेकदा तीच बाटली हाताशी असते, म्हणून लेबल वाचूनच लावा.

सलाईन मिळत नसेल, माणूस पूर्ण शुद्धीत असेल, उलटी होत नसेल आणि पोटाला मार नसेल, तर तोंडानं घोट घोट पाणी द्या. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ चालेल. नारळपाणी नको, केळं नको. ओआरएसच्या पाकिटातही पोटॅशियम असतं. हगवणीत ते उपयोगी, इथं नाही. उरलेली भिंत अंगावर यायची भीती असेल तर मात्र सलाईनची वाट पाहू नका, माणूस काढा.

काढल्यावर पाय चोळू नका, शेकू नका, लेप लावू नका, मांडीवर करकचून दोरी बांधू नका. दाबूनही रक्त थांबत नसेल तरच वर पट्टा आवळायचा आणि आवळल्याची वेळ कपाळावर किंवा चिठ्ठीवर लिहायची. दुखणं कमी व्हावं म्हणून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन देण्याची आपल्याकडं सगळीकडंच सवय आहे. या माणसाला ते विषासमान, कारण आधीच अडचणीत असलेली मूत्रपिंडं ते आणखी मारतं. पॅरासिटामॉल द्या.

लघवी बाटलीत धरा आणि वेळ लिहा. रंग कोऱ्या चहासारखा दिसला, किंवा सहा तासांत लघवीच झाली नाही, तर डायलिसिस असलेल्या दवाखान्यातच न्यायचं. मधल्या दवाखान्यात रात्र काढायची नाही. जिल्हा रुग्णालयात डायलिसिसची सोय असते. नागपूर, यवतमाळ, अकोल्याची शासकीय मेडिकल आणि सेवाग्राम हे पुढचे टप्पे. निघण्याआधी फोन करून वीज आहे का, मशीन चालू आहे का ते विचारा. पाय दगडासारखा टणक झाला, बोटं हलवताच किंचाळी निघू लागली, तर तेही तितकंच तातडीचं.

खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेल्या गावांनी इथं जास्त सावध राहावं. अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या त्या भागात आधीच मूत्रपिंडाचे रुग्ण पुष्कळ. जे आधीपासून आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जातात त्यांची यादी पहिल्याच दिवशी करा. त्यांना खरचटलंही नसेल, पण रस्ता तुटला तर चार-पाच दिवसांत तेच सगळ्यात गंभीर रुग्ण होतात.

पाठ, डोकं, जखमा

पडलेल्या माणसाला बखोटीला धरून उचलणं हा पहिला घोटाळा. मान किंवा पाठ दुखते म्हणाला, पायाला मुंग्या आहेत किंवा पाय हलत नाही, तर मणका मोडलाय असंच समजा. एकानं डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरायचं, तिघांनी एकाच बाजूला बसून खांदा, कंबर, गुडघा असं धरायचं आणि डोकं धरणाऱ्याच्या शब्दावर ओंडका लोटावा तसं एकाच वेळी कुशीवर वळवायचं. खाली दाराची फळी सरकवायची. विणलेली खाट मध्ये झोळते, म्हणून ती नको. पडलेल्या घराचं दार मिळतंच. मानेच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेलं धोतर किंवा लुगडं लावून कपाळावरून फडकं बांधा.

डोक्याला मार लागून माणूस बरा वाटत असला तरी २४ तास एकटा सोडू नका. वारंवार उलटी, वाढती गुंगी, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसणं, यांतलं काहीही दिसलं की १०८ ला फोन.

जखमेचं रक्त थांबवायला स्वच्छ फडक्यानं दहा मिनिटं सलग दाबा. मध्येमध्ये उचलून पाहिलं की बसलेली गुठळी सुटते. मग धुणं. धुण्यात कंजूषपणा नको: पिण्याजोगं पाणी निदान एक लिटर, पाच ते दहा मिनिटं, धारेनं. सलाईनच्या बाटलीला सुईनं भोक पाडून दाबलं की चांगली धार मिळते. माती, लाकडाचा तुकडा, कवेलूची कपची दिसेल तेवढी काढा. खोल रुतलेलं मात्र ओढू नका. हळद, चुना, शेण, तंबाखू यांतलं काहीच जखमेत जाऊ द्यायचं नाही.

मळकी जखम त्याच दिवशी टाके घालून बंद केली की लोकांना बरं वाटतं, डॉक्टरही घाईत असतात. पण आत अडकलेल्या मातीतले जंतू बंद जागेतच माजतात. चेहरा आणि डोकं सोडून बाकी मळकी जखम ओलसर गॉज भरून उघडी ठेवायची आणि तीन ते पाच दिवसांनी स्वच्छ असेल तरच शिवायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वेदना एकदम वाढली, घाण वास आला, कातडी निळी-काळी पडली आणि दाबल्यावर आत कुरकुर लागली, तर तो वायूचा कोथ (गॅस गँग्रीन). त्याला तासांचा हिशेब असतो, उद्या सकाळी पाहू म्हणून चालत नाही.

धनुर्वाताचं इंजेक्शन प्रत्येक जखमीला. शेवटचा डोस कधी घेतला ते आठवत नसेल तर घेतलाच नाही असं धरा; मोठ्या मळक्या जखमेला लशीसोबत तयार प्रतिपिंडांचं, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही लागतं. इंडोनेशियात योग्याकार्ताच्या २७ मे २००६ च्या भूकंपानंतर धनुर्वाताचे सत्तरच्या आसपास रुग्ण आढळले, तेही बरेचसे प्रौढ आणि म्हातारे. आपल्याकडंही लहानपणी आणि बाळंतपणात लस मिळालेल्या बायकांपेक्षा साठीतले पुरुष जास्त धोक्यात असतात. लक्षणं ३ ते २१ दिवसांत येतात. जबडा उघडेना, गिळताना त्रास, पाठ धनुष्यासारखी ताठ, असं दिसलं तर जखम बारीक होती म्हणून सोडून देऊ नका. जखमींच्या वहीत तिसऱ्या आठवड्यापर्यंत खुणा करत राहा.

विहीर आणि हगवण

धक्क्यानंतर विहिरीचं पाणी गढूळ होतं, पातळी वरखाली होते, कधी बोअर कोरडी पडते. त्याहून वाईट म्हणजे शोषखड्ड्याला आणि विहिरीच्या कडांना तडे जाऊन घाण पाणी आत शिरतं. गावातली प्रत्येक विहीर आधी नासलेलीच समजा. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर ग्रामपंचायतीत असते, जलसुरक्षकाला वापरही माहीत असतो. चुकतं ते मोजमाप. विहिरीचा व्यास फुटांत मोजा, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीनं गुणा आणि आलेल्या आकड्याला २२ नं गुणा. उत्तर लिटरमध्ये येतं. बारा फूट व्यास आणि दहा फूट पाणी, म्हणजे साधारण ३१,७०० लिटर. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते. अशा वेळी पाच ग्रॅम धरा, म्हणजे या विहिरीला १६० ग्रॅम.

एका बादलीत शंभर ग्रॅमच्या वर पावडर घेऊ नका. आधी थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवा, मग बादली पाऊण भरा, ढवळा आणि पाच-दहा मिनिटं ठेवा. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोरीनं विहिरीत पाण्याखाली सोडा आणि जोरात खालीवर हलवा. चुन्याचा गाळ विहिरीत ओतायचा नाही, त्यानं पाणी जड होतं. काम रात्री उपसा थांबल्यावर केलेलं बरं. तासाभरानं ओटी टेस्ट करा, म्हणजे थोडं पाणी काढून त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाका. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. ०.५ ची खूण आली नाही तर पुन्हा पावडर. डबा उघडा, दमट, वर्षभर पडलेला असेल तर पावडरीत जीव उरलेला नसतो, मग कितीही टाका.

गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातं. आधी तुरटी फिरवून निवळू द्या, चार पदरी फडक्यानं गाळा, मग औषध. उकळत असाल तर खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. वीस मिनिटं उकळून सरपण संपवण्यात अर्थ नाही.

माणशी रोज पंधरा लिटर धरा, त्यात पिणं, स्वयंपाक आणि धुणं आलं. आठशेच्या वस्तीला बारा हजार लिटर, म्हणजे मोठा एक टँकर. टँकरवरही ओटी टेस्ट झालीच पाहिजे.

संडासासाठी काळ्या कपाशीच्या जमिनीत चर खणू नका. पावसात ती जमीन पाणी मुरू देत नाही, चर भरून वर येतो. उन्हाळ्यात भेगा पडतात आणि घाण दूर जाते. मुरमाड, उंचवट्याची जागा शोधा, विहिरीपासून निदान तीस मीटर. सुरुवातीला पन्नास माणसांना एक, पुढं वीस जणांना एक. बायकांचे वेगळे, वस्तीच्या जवळ आणि उजेडात. हे सोयीपुरतं नाही. अंधारात जावं लागू नये म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि आठवड्यात लघवीच्या जळजळीच्या तक्रारी सुरू होतात.

हगवण लागली की ओआरएस: एक पाकीट बरोबर एका लिटरात. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर. सहा महिन्यांपुढच्या मुलाला झिंक २० मिलिग्रॅम रोज, १४ दिवस. जुलाब थांबले तरी गोळ्या पुऱ्या करा. खारपाणपट्ट्यात विहिरीच्या खाऱ्या पाण्यात ओआरएस कालवू नका, मीठ जास्त होतं; त्यासाठी टँकरचं गोडं पाणी वेगळं ठेवा. बाळाचं अंगावरचं दूध चालूच. धसक्यानं दूध आटतं म्हणून दूध पावडरचे डबे वाटायला लोक येतील. त्यांना परत पाठवा. बाळ जितकं ओढेल तितकं दूध येतं, आणि छावणीत बाटली उकळायची सोय नसते.

मृतदेहांमुळं साथ पसरते ही भीती बहुतेक खोटी. माणसं भूकंपानं गेलेली असतात, रोगानं नाही. ओळख पटायच्या आत घाईनं एकत्र दहन केलं की मागं राहिलेल्यांना मृत्यूचा दाखला, मदत आणि मनाची समजूत, तिन्ही मिळत नाहीत. फोटो, कपडे, दागिन्यांची नोंद आधी करा. मेलेली गुरं मात्र पाण्यापासून दूर खोल पुरा.

ढिगाऱ्यात काय काय असतं

विदर्भातल्या घरात एक गोष्ट हमखास असते: फवारणीचं औषध. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या हंगामात तर कोपऱ्यात, माळ्यावर, धान्याच्या कोठीशेजारी डबे असतात. ते फुटले की धान्य, अंथरूण, पाणी सगळं बाटतं. वास येणारं धान्य धुवून, वाळवून वापरू नका, गुरांनाही घालू नका. ढिगारा उपसणाऱ्याला हातमोजे आणि बूट द्या. अंगावर औषध सांडलं तर कपडे काढून साबणानं भरपूर पाण्यात धुवा. घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, फडफडणारे स्नायू दिसले की दवाखाना, सोबत डब्याचं लेबल. सापडलेले शाबूत डबे एका खोलीत कुलपात, किल्ली पोलीस पाटलाकडं. याचं आणखी एक कारण पुढं येतंच.

दगड आणि कवेलूखाली विंचू, साप असतात. काठीनं हलवल्याशिवाय हात घालू नका. लोक वावरात, धुऱ्यावर जमिनीवर झोपू लागले की मण्यार चावते. चावा कळतही नाही, पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. खाट आणि खाली खोचलेली मच्छरदाणी हा उपाय. चावलं तर चिरू नका, आवळू नका, हालचाल न करू देता प्रतिविष असलेल्या ग्रामीण रुग्णालयात. गवताजवळ झोपणाऱ्यांत आठ-दहा दिवसांनी ताप, डोकेदुखी आली आणि काखेत, जांघेत सिगारेटनं डागल्यासारखा काळा डाग सापडला, तर स्क्रब टायफस; २०१८ मध्ये नागपूर भागात त्याची साथ आली होती. डॉक्टरांना डाग दाखवा, डॉक्सीसायक्लिन वेळेवर मिळालं तर बरा होतो.

धान्य लवकर बाहेर काढा. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी प्लेग आला. किल्लारीनंतर ओस पडलेली घरं, त्यांतलं धान्य आणि माजलेले उंदीर यांच्याशी त्याचा संबंध जोडला गेला. उंदीर एकाएकी मरून पडू लागले तर हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.

रोजच्या गोळ्या

घर पडलं की गोळ्याही गेल्या. रक्तदाब, साखर, टीबी, मिरगी, एआरटी (एचआयव्हीची औषधं) या पाचांची यादी आशाताईंकडं तोंडपाठ असते. तिसऱ्या दिवसाच्या आत औषध हातात पडलं पाहिजे. इन्सुलिन ठेवायला मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात कोरड्या डब्यात कुपी, आणि सगळं सावलीत. पूर्व विदर्भात सहावं नाव सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. पाणी कमी, रात्रीची थंडी आणि दगदग, तिन्ही एकत्र आली की हाडं फोडणारी कळ येते. या मुलांना घोंगडी आणि पाणी सगळ्यांच्या आधी. हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक अ‍ॅसिड चालू ठेवा. ताप आला तर थांबू नका.

गर्दीत गोवर पसरतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना लस आणि अ जीवनसत्त्व मिळालं का ते विचारत राहा. गरोदर बाईला पोटावर मार लागला असेल, रक्त जात असेल, पोट टणक झालं असेल किंवा बाळ हलत नसेल, तर लगेच न्या.

एप्रिल-मे असेल तर टिनाच्या शेडमध्ये दुपारी माणूस भाजतो. टिनावर तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा जाड थर टाका, दोन बाजू उघड्या ठेवा. चूल मात्र त्यापासून लांब, वाऱ्यानं ठिणग्या शेडकडं येणार नाहीत अशा बाजूला.

मन

जमीन हलत नसताना हलल्यासारखी वाटणं, चक्कर, झोप उडणं, छताखाली जायला नको वाटणं हे पहिले काही आठवडे बहुतेकांना होतं. हा आजार नाही, तसं सांगूनही बरं वाटतं. काय काय पाहिलंस ते सांग म्हणून कुणाला खोदू नका. बोलला तर ऐका, गप्प बसला तर शेजारी बसा, आणि हातात काम द्या: पाणी वाटप, पोरांची शाळा, यादी. झोपेच्या गोळ्या आणि दारू दोन्हींवर लक्ष. महिन्यानंतरही जेवत नाही, कामाला लागत नाही, मरणाचं बोलतो असा माणूस दिसला तर एकटा सोडू नका, टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावून द्या. पीक गेलं, घर गेलं, कर्ज तसंच आहे, आणि औषधाचा डबा हाताशी आहे, अशी वेळ येऊ द्यायची नाही. ते कुलूप म्हणूनच.

अंथरुणाला खिळलेले

पथकं परत जातात, बातम्या संपतात, आणि मणका मोडलेली माणसं घरी येतात. यांना पुढं मारते ती पाठीची जखम आणि लघवीचा जंतुसंसर्ग. दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. घरातल्यांनी पाळ्या लावा आणि भिंतीवर खडूनं वेळ लिहा. चादरीला सुरकुती नको, ओल नको. लघवीच्या नळीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. रोज सकाळी माकडहाड, कुल्हे आणि टाचा उजेडात पाहा. कातडी लाल किंवा काळपट दिसली आणि बोटानं दाबूनही तो रंग जात नसेल, तर त्या बाजूवर झोपवणं त्याच घटकेला बंद करा.